टोर्नेडो आउटब्रेकचा दिवस कसा पाहावा: आधी हवा, मग ढग, मग रडार

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेच्या मध्य किंवा दक्षिण भागात मोठ्या टोर्नेडो आउटब्रेकचा, म्हणजे एकाच हवामान प्रणालीतून लागोपाठ अनेक टोर्नेडो होण्याचा, अंदाज आहे. घरी बसून, सगळ्यांना खुल्या असलेल्या साधनांवर तो दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत समजून पाहायचा आहे. हातात रडारचं ॲप आहे, पण वॉर्निंग, म्हणजे धोक्याचा इशारा, आली की नुसतं कळतं. ती त्याच ढगाला का मिळाली आणि शेजारच्याला का नाही, हे कळत नाही. सुरुवात कुठून करायची?

रडारपासून करू नका. रडार फक्त घडून गेलेलं दाखवतं. पडद्यावर एकाच वेळी दहा-बारा लाल ठिपके असतात, आणि त्यातला कोणता फिरणार आहे हे त्यांच्या रंगावरून ठरत नाही. ढगाच्या पुढ्यात कसली हवा आहे, यावरून ते ठरतं. ती हवा आधीचे आठ-दहा तास पाहिलेली असेल तर रडार वाचता येतं, नाहीतर नुसते रंग दिसतात. म्हणून दिवसाचे टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याला एक प्रश्न आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणारं एक साधन. सकाळच्या प्रश्नाला संध्याकाळचं साधन लावलं की गोंधळ होतो.

त्याआधी घड्याळ नीट लावा. सगळे नकाशे यूटीसी वेळेत, म्हणजे जगभर समान धरलेल्या प्रमाणवेळेत, असतात. टोर्नेडोच्या मुख्य हंगामात मध्य अमेरिकेतली घड्याळं यूटीसीच्या 5 तास मागे असतात, हिवाळ्यात 6 तास. म्हणजे 00 यूटीसीचा नकाशा तिथल्या आदल्या दिवशीच्या संध्याकाळी सातचा असतो, मध्यरात्रीचा नव्हे. शिवाय वादळांचा ‘दिवस’ 12 यूटीसी ते पुढच्या 12 यूटीसी असा मोजतात, त्यामुळे रात्री दोनला झालेला टोर्नेडो आदल्या दिवसाच्या खात्यात जातो. मॉडेलच्या, म्हणजे संगणकाने काढलेल्या अंदाजाच्या, नकाशावर दोन वेळा छापलेल्या असतात: मॉडेल कधी चालवलं ती, आणि अंदाज कोणत्या तासाचा आहे ती. नवख्यांच्या निम्म्या चुका या दोन वेळांची गल्लत झाल्याने होतात.

सकाळ: किती आणि कशाचा धोका?

ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, म्हणजे एसपीसी, त्या दिवसाचा आउटलुक, म्हणजे वादळांच्या धोक्याचा अंदाज, पाच वेळा काढतं: 06, 13, 16:30, 20 आणि 01 यूटीसीला. मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय अशा त्याच्या पाच पायऱ्या आहेत. सगळे जण हा रंगीत नकाशा पाहतात आणि तिथेच थांबतात. खरी माहिती त्याच्या खालच्या तीन वेगळ्या नकाशांत असते: टोर्नेडो, गारा आणि वारा यांच्या शक्यतांच्या. एखादा मॉडरेट निव्वळ वाऱ्यामुळे दिलेला असू शकतो. त्या दिवशी टोर्नेडोची वाट पाहत बसणारा चुकीचं वादळ पाहत बसतो.

टोर्नेडोच्या नकाशावरचा 10 टक्के हा आकडा कमी वाटतो. पण त्याचा अर्थ, त्या भागातल्या कोणत्याही बिंदूपासून साधारण 40 किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता 10 टक्के, असा आहे. एरवीच्या दिवशी ती एका टक्क्याच्याही कितीतरी खाली असते. 30 टक्के दिसले तर तो मोठा दिवस समजा. टोर्नेडो झालाच तर तो किती ताकदीचा असू शकेल, हे नकाशावर वेगळं दाखवलेलं असतं, तेही पाहा.

आणि मजकूर वाचा. तो कोरडा वाटतो, पण अंदाजकार नेमका कुठे साशंक आहे हे तिथेच लिहिलेलं असतं: सकाळचा पाऊस वेळेत ओसरेल का, ढग सुटे राहतील की लगेच रांग धरतील, उष्ण सीमा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या उबदार हवेची कड, किती उत्तरेला सरकेल. या शंका कागदावर उतरवून घ्या. दिवसभर तुम्हाला याच शंकांची उत्तरं शोधायची आहेत. 13 यूटीसीच्या आउटलुकमधलं कोणतं वाक्य 16:30 ला बदललं, हे पाहण्याची सवय लावा. अंदाज कसा बांधतात हे त्यातून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

हवा वाचणं

सुपरसेलला, म्हणजे सतत फिरत्या उर्ध्व झोताच्या ढगाला, चार गोष्टी लागतात: जमिनीलगत ओलावा, अस्थिरता, हवा वर ढकलणारं काहीतरी, आणि उंचीनुसार बदलणारा वारा म्हणजे शिअर. चौघांपैकी एक जरी कमी पडलं तरी दिवस बदलतो.

ओलावा मेक्सिकोच्या आखातातून येतो आणि दवबिंदूने, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं त्याने, मोजतात. वसंतात 16 अंश सेल्सियसच्या वर दवबिंदू असेल तर लक्ष द्यावं, 18 च्या वर असेल तर गंभीरपणे पाहावं. पण जमिनीवरचा आकडा पुरेसा नाही, ओलसर थराची खोलीही हवी. 12 यूटीसीला सोडलेल्या फुग्यांचे साउंडिंग आलेख, म्हणजे उंचीनुसार तापमान, ओलावा आणि वारा दाखवणारे, उघडा. ओलसर थर तळाच्या जेमतेम 400-500 मीटरचाच असेल, तर दुपारच्या उन्हाने वरची कोरडी हवा त्यात मिसळते आणि सकाळी 18 असलेला दवबिंदू चार वाजेपर्यंत 14 वर येतो. ढगाचा तळ उंच जातो, आणि टोर्नेडोचा दिवस गारांचा दिवस होतो. थर किलोमीटरभर किंवा जास्त खोल असेल तर तो टिकतो. अंदाज फसण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि बहुतेक जण ते तपासतच नाहीत.

त्याच आलेखात ओलसर थराच्या वर उष्ण, कोरड्या हवेचं झाकण दिसतं. मेक्सिकोचं पठार आणि नैर्ऋत्येकडची वाळवंटं यांवर तापलेली हवा पूर्वेला वाहत येऊन आखाती ओलाव्यावर पसरते, तेच हे झाकण. नवख्याला ते वादळाचा शत्रू वाटतं. मोठ्या दिवसांत ते मदतच करतं: सकाळपासून किरकोळ ढग फुटू देत नाही, ऊर्जा दुपारपर्यंत साठवतं, आणि मग मोजक्या जागीच सोडतं. त्यामुळे ढग सुटे राहतात आणि एकमेकांची हवा पळवत नाहीत. झाकण फार घट्ट असेल तर दिवसभर निळं आकाश राहतं आणि काहीच होत नाही. फार सैल असेल तर दुपारी एकलाच सगळीकडे ढग उसळतात, त्यांची थंड हवा एकत्र येते आणि रांग बनते. साउंडिंगवर या झाकणाचा आकडा सीआयएन नावाने मिळतो. दुपारी तो शून्याकडे किती वेगाने सरकतो ते पाहत राहा.

अस्थिरतेचा, म्हणजे हवा किती जोराने वर उसळू शकते याचा, आकडा म्हणजे केप. 2000 ते 3000 जूल प्रति किलो भरपूर झाले, पण निव्वळ केपवर भाळू नका. दक्षिणेकडच्या राज्यांत हिवाळ्यात 500 ते 1000 केपवरही घातक टोर्नेडो होतात, कारण तिथे शिअर प्रचंड असतो. शिअरचे दोन आकडे पुरतात. जमीन ते 6 किलोमीटर या थरात 40 नॉटच्या (ताशी सुमारे 75 किलोमीटर) आसपास किंवा जास्त असेल तर ढग सुपरसेल होऊ शकतो. खालच्या 1 किलोमीटरमधली हेलिसिटी, म्हणजे ढगात शिरणाऱ्या हवेतल्या फिरकीचं माप, 150 च्या वर गेली तर त्या सुपरसेलला टोर्नेडो करणं सोपं जातं. ढगाचा तळ 1000 मीटरच्या खाली असावा. हे सगळं एका चित्रात पाहायचं असेल तर होडोग्राफ पाहा. प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्याचं टोक जोडून काढलेली ती रेघ आहे. तिचा तळाचा भाग लांब आणि घड्याळाच्या दिशेने वाकलेला असेल तर उजवीकडे वळणाऱ्या सुपरसेलची जागा आहे. सरळ रेघ असेल तर ढग दुभंगून डावे-उजवे होतात आणि गारा जास्त पडतात.

मात्र हे आकडे फक्त शक्यता सांगतात. 20 मे 2019 ला टेक्सास आणि ओक्लाहोमासाठी एसपीसीने हाय रिस्क दिली होती, टोर्नेडोची शक्यता 45 टक्के होती, ओक्लाहोमात शाळा बंद ठेवल्या होत्या. टोर्नेडो झाले, पण भीती होती तशी महाभयंकर टोर्नेडोंची मालिका झाली नाही. केप आणि शिअर दोन्ही पुरेपूर असताना हे झालं. म्हणून ‘आज नक्की’ असं कधीही म्हणू नये.

दुपार: कुठे आणि कधी?

तिथल्या दुपारी बारा ते चार हा सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा काळ. रडार रिकामं असतं म्हणून लोक उठून जातात.

या वेळी मॉडेल बाजूला ठेवून प्रत्यक्ष नोंदी पाहा. जमिनीवरच्या केंद्रांचे तापमान, दवबिंदू आणि वारे नकाशावर लावा. ओक्लाहोमाचं मेसोनेट, म्हणजे राज्यभरच्या हवामान केंद्रांचं जाळं, दर पाच मिनिटांनी नोंद देतं, तिथे हे फार बारकाईने करता येतं. वारा दक्षिण-नैर्ऋत्येकडून असेल तर साधारण. तोच एखाद्या पट्ट्यात आग्नेयेकडून वाहायला लागला तर तिथे तळाचा शिअर वाढला. दवबिंदू 50 किलोमीटरच्या अंतरात दहा अंशांनी घसरत असेल तर ती ड्रायलाइन, म्हणजे ओल्या आणि कोरड्या हवेतली सीमा. पहिले ढग बहुधा तिच्या पूर्व कडेला फुटतात.

सकाळी पाऊस झाला असेल तर त्याने मागे सोडलेली थंड हवेची कड शोधा. उपग्रहाच्या दृश्य चित्रात ती बारीक ढगांच्या कमानीसारखी दिसते. दुपारचा सुपरसेल अशा कडेवर चढला की त्याला तयार फिरकी मिळते. सकाळच्या पावसाने दिवस वाया गेला, हा निष्कर्ष घाईचा असतो. 27 एप्रिल 2011 ला अलाबामात पहाटे वादळांची रांग येऊन गेली, अनेक ठिकाणची वीज आणि हवामान रेडिओची प्रक्षेपणं बंद पडली, आणि त्याच दुपारी त्याच राज्यावरून सुपरसेल गेले. 25 ते 28 एप्रिलच्या त्या आउटब्रेकमध्ये टोर्नेडोंनी तीनशेहून जास्त बळी घेतले.

दृश्य उपग्रहावर कापसाच्या पुंजक्यांसारखे ढग पाहा. पसरट, चपटे राहत असतील तर झाकण शाबूत आहे. एखाद्या रेषेवर ते उंच होऊ लागले, वाढून कोसळले, पुन्हा वाढले, तर झाकण तासा-दोन तासांत उघडेल. गोज हा अमेरिकेचा हवामान उपग्रह अशा दिवशी निवडक चौकटीत दर मिनिटाला चित्र देतो, ती चौकट शोधून ठेवा. पुढे ढग तयार झाल्यावर याच चित्रात त्याच्या सपाट माथ्यावर सतत उसळणारा घुमट दिसला, आणि तो ओसरत नसला, तर उर्ध्व झोत जोरदार आहे.

एचआरआरआर हे मॉडेल 3 किलोमीटरच्या जाळीवर दर तासाला चालतं. त्यातल्या फिरत्या झोतांचे माग, म्हणजे अपड्राफ्ट हेलिसिटीचे पट्टे, पाहायला आकर्षक असतात आणि लोक एका रनचा, म्हणजे मॉडेल एकदा चालवल्यावर आलेला, पट्टा एखाद्या गावावरून गेला की ते चित्र पसरवतात. तो पट्टा त्या गावासाठीचा अंदाज नसतो. लागोपाठ चार-पाच रन पाहा. पट्टे जागा बदलत असले तरी चालतं. सुट्या ढगांची संख्या, वेळ आणि साधारण प्रदेश टिकतोय का, एवढंच घ्या. त्यानंतर मॉडेलने दुपारी दोनसाठी दाखवलेला दवबिंदू प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहा. मॉडेलमध्ये 20 आणि केंद्रावर 17 असेल, तर त्या रनचा पुढचा सगळा थाट तेवढ्याने उणा करा.

वॉच येण्याच्या आधी एसपीसी बहुधा मेसोस्केल डिस्कशन, म्हणजे एका मर्यादित भागाबद्दलचं टिपण, काढतं. त्यात वॉच येण्याची शक्यता टक्क्यांत असते आणि कारणही. वॉच म्हणजे मोठ्या भागासाठी, काही तासांसाठी, परिस्थिती अनुकूल असल्याची सूचना. वॉर्निंग स्थानिक हवामान कार्यालय काढतं, छोट्या बहुभुजासाठी, बहुधा अर्धा-पाऊण तास. वॉचच्या सोबत शक्यतांचा तक्ता असतो. दोन किंवा जास्त टोर्नेडो होण्याची शक्यता आणि एखादा ईएफ2 (ईएफ ही 0 ते 5 अशी टोर्नेडोच्या ताकदीची श्रेणी) किंवा जास्त ताकदीचा होण्याची शक्यता, या दोन ओळी आधी वाचा.

आता रडार

पहिली गोष्ट उंची. रडारचा सगळ्यात खालचा झोत अर्धा अंश वर झुकलेला असतो आणि पृथ्वी वक्र आहे. 50 किलोमीटरवर झोताचा मध्य जमिनीपासून साधारण 600 मीटरवर असतो, 100 किलोमीटरवर दीड किलोमीटरवर, 150 ला अडीच किलोमीटरच्या वर आणि 200 ला चार किलोमीटरच्या पुढे. शिवाय झोत पसरतो; 100 किलोमीटरवर त्याची रुंदी दीड किलोमीटरहून जास्त होते. म्हणजे दूरच्या ढगात तुम्हाला ढगाच्या मध्यातली फिरकी दिसते, टोर्नेडो नव्हे. तीच फिरकी 40 किलोमीटरवर दिसली तर अर्थ फार वेगळा. म्हणून कोणत्याही ढगावर मत बनवण्याआधी त्याचं रडारपासूनचं अंतर पाहा, आणि ढग सरकत गेला की जवळच्या रडारवर जा. अनेक रडारांची सरमिसळ करून केलेला देशाचा नकाशा फक्त ढग कुठे आहेत हे पाहायला ठेवा.

दुसरी गोष्ट वेळ. चित्राच्या कोपऱ्यातली वेळ वाचा. पूर्ण फेरी चार ते सहा मिनिटांची असते; वादळाच्या दिवशी सर्वात खालचा थर मध्येच जास्तीच्या वेळा घेतात, तरी मिनिट-दोन मिनिटांचा उशीर राहतोच. ढग ताशी 80 किलोमीटरने जात असेल तर चार मिनिटांत तो पाच किलोमीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. ॲपमधलं चित्र गुळगुळीत करण्याचं बटण बंद करा. त्याने नेमका हवा तो बारकावा पुसला जातो.

मग क्रम असा ठेवा. आधी रिफ्लेक्टिव्हिटी, म्हणजे पाऊस-गारांवरून परतलेल्या लहरींच्या जोराचं नेहमीचं चित्र, सगळ्यात खालच्या कोनात. सुट्या सुपरसेलच्या मागच्या, बहुधा नैर्ऋत्य कोपऱ्यात आकडीसारखा आकार शोधा. फिरकीने पाऊस मागून गुंडाळून आणल्याने ती बनते. आकडी रडारवर पहिल्यांदा नोंदली गेली ती 9 एप्रिल 1953 ला, इलिनॉयमध्ये. आकडी दिसणं म्हणजे टोर्नेडो नव्हे, आणि ओल्या सुपरसेलमध्ये ती पावसात लपते. ढगाच्या पुढच्या कडेला आत येणाऱ्या हवेची खाच स्पष्ट आणि टोकदार आहे का, हेही पाहा.

त्यानंतर वेग. हिरवा म्हणजे रडारकडे येणारी हवा, लाल म्हणजे दूर जाणारी. त्यामुळे रडार कुठल्या दिशेला आहे हे माहीत नसताना वेगाचं चित्र वाचताच येत नाही. आधी ती दिशा बोटाने दाखवा. फिरकी म्हणजे रडारपासून सारख्याच अंतरावर, शेजारी-शेजारी, भडक हिरवा आणि भडक लाल. रडारकडून ढगाकडे पाहताना डावीकडे हिरवा आणि उजवीकडे लाल असेल तर ती घड्याळाच्या उलट दिशेची, नेहमीची फिरकी. एक रंग रडारकडे आणि दुसरा त्याच रेषेत मागे असेल तर ती फिरकी नाही. हवा तिथे एकत्र येतेय किंवा पांगतेय. फिरकी पाहायला ढगाची स्वतःची गती वजा केलेला वेग वापरा. सरळ वाऱ्याचा जोर पाहायला मूळ वेग. रंगांची जोडी आधी चार-पाच किलोमीटर रुंद असते. ती प्रत्येक फेरीत आवळत जाऊन अगदी लगतच्या दोन पट्ट्यांत आली आणि वरच्या कोनांतही त्याच जागी दिसली, तर टोर्नेडो झालाय किंवा होण्याच्या बेतात आहे. एका फेरीवर जाऊ नका, तीन फेऱ्यांचा कल पाहा.

वेगाच्या चित्रात दोन फसवे प्रकार आहेत. जांभळा पट्टा म्हणजे तिथला परतावा कुठल्या अंतराचा हे रडारला ठरवता आलेलं नाही. तो नेमका आकडीवर आला तर शेजारचं रडार उघडा. दुसरा प्रकार वेग उलटण्याचा. एका मर्यादेपलीकडचा वेग रडारला विरुद्ध दिशेचा भासतो आणि संगणक तो दुरुस्त करतो. ती दुरुस्ती फसली की भडक लाल पट्ट्यात मध्येच एकटाच भडक हिरवा चौकोन उमटतो, किंवा रडारपासून निघालेली अख्खी किरणरेषा उलट्या रंगाची दिसते. पुढच्या फेरीत ते नाहीसं होतं. खरी फिरकी अशी नाहीशी होत नाही.

तिसरं चित्र सीसी, म्हणजे झोतातले कण एकमेकांसारखे किती आहेत याचं माप. अमेरिकेतल्या जवळपास 160 रडारांवर ही सोय 2013 पर्यंत बसवून झाली आणि टोर्नेडो पाहण्याची पद्धतच बदलली. नुसत्या पावसात सीसी 0.97 च्या वर असतं. पत्रे, फांद्या, माती, इन्सुलेशन हवेत उडालं की ते 0.8 च्या खाली घसरतं. पण हा अवशेषांचा ठसा मान्य करायला तीन गोष्टी एकाच जागी हव्यात: वेगाची आवळलेली जोडी, 30 डीबीझेडच्या (हे रिफ्लेक्टिव्हिटीचं एकक) आसपास किंवा वर रिफ्लेक्टिव्हिटी, आणि सीसीचा खड्डा. तिन्ही चित्रं शेजारी लावून कर्सर एकाच बिंदूवर ठेवा. एकटं कमी सीसी अनेक कारणांनी येतं. ढगाच्या पुढच्या विरळ हवेत परतावाच कमकुवत असतो, तिथे ते घसरतं. मोठ्या गारा ते 0.9 च्या खाली नेऊ शकतात. दाट गाभ्यामागे रडारच्या किरणांच्या दिशेने कमी सीसीची लांब पट्टी पडते, ती निव्वळ यंत्राची मर्यादा.

तिन्ही जुळले तर टोर्नेडो जमिनीवर आहे किंवा मिनिटांपूर्वी होता, हे जवळजवळ पक्कं. पण तो ठसा नुकसान झाल्यानंतर उमटतो, पूर्वसूचना देत नाही. टोर्नेडो विरल्यावरही अवशेष काही मिनिटं हवेत राहतात, म्हणून जोडी सुटलेली असताना उरलेल्या खड्ड्याला चालू टोर्नेडो म्हणू नका. आणि उघड्या शेतात, रडारपासून दूर, ठसा न दिसणं याचा अर्थ टोर्नेडो नाही असा होत नाही.

रांगेतल्या टोर्नेडोंची गोष्ट वेगळी. तिथे आकडी नसते. रांगेच्या पुढच्या कडेला पडलेली लहानशी खाच किंवा इंग्रजी एस अक्षरासारखी तुटलेली बाक शोधावी लागते. रांगेला काटकोनातला, खालच्या 3 किलोमीटरमधला शिअर 30 नॉट किंवा जास्त असेल, आणि रांगेचा तो भाग पुढे रेटला जात असेल, तर तिथे लक्ष ठेवा. अशी फिरकी दोन फेऱ्यांच्या मध्ये जन्मून मरूही शकते. इथे वॉर्निंगला फार कमी वेळ मिळतो, त्याबद्दल कार्यालयाला दोष देणं अन्यायाचं आहे.

वॉर्निंग आणि बातम्या

वॉर्निंगचा पूर्ण मजकूर उघडा. त्यात आधार लिहिलेला असतो: रडारवर दिसलं की प्रत्यक्ष पाहिलं गेलं. नुकसानीच्या धोक्याच्या ओळीत ‘कन्सिडरेबल’ आलं तर पक्का, मोठा टोर्नेडो अपेक्षित आहे. ‘कॅटस्ट्रॉफिक’ आलं तर ती टोर्नेडो इमर्जन्सी. हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला 3 मे 1999 ला, ओक्लाहोमा सिटी आणि मूर परिसरासाठी.

प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या नोंदी स्कायवॉर्न या वादळ-निरीक्षकांच्या योजनेतल्या प्रशिक्षित स्वयंसेवकांकडून, पोलिसांकडून, नागरिकांकडून येतात. त्या प्राथमिक असतात. एकच टोर्नेडो पाच जणांनी पाच ठिकाणांहून कळवला की यादीत पाच ओळी दिसतात, म्हणून रात्रीच्या यादीतल्या ओळी मोजून ‘इतके टोर्नेडो झाले’ असं लिहू नका. पावसापुढे लोंबणारे फाटके ढग दुरून नरसाळ्यासारखे दिसतात. ते फिरतात का, हा एकच प्रश्न विचारा.

रडारवरून ताकद जाहीर करणं तर पूर्ण टाळा. 1 फेब्रुवारी 2007 पासून वापरात असलेली ईएफ श्रेणी नुकसानीवरून ठरते. 28 प्रकारच्या बांधकामांची आणि झाडांची मोडतोड पाहून वाऱ्याचा अंदाज काढतात. ईएफ5 साठी तो ताशी 200 मैलांच्या, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरच्या वर लागतो. 31 मे 2013 चा ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टोर्नेडो 4.2 किलोमीटर रुंद होता, गाड्यांवर बसवलेल्या रडारांनी त्यात ईएफ5 च्या कितीतरी वरचा वारा मोजला, तरी मोकळ्या भागातल्या नुकसानीवरून त्याची श्रेणी ईएफ3 राहिली. उलट 20 जून 2025 चा नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनचा टोर्नेडो ईएफ5 ठरला तो ऑक्टोबरमध्ये, रेल्वेचे उलथलेले डबे तपासल्यावर. मे 2013 च्या मूरच्या टोर्नेडोनंतरचा तो पहिला ईएफ5. श्रेणीला इतका वेळ लागू शकतो.

इतरांना काही कळवायचं असेल तर जागा, वेळ, वेळेचा पट्टा आणि आधार या चार गोष्टींशिवाय लिहू नका. ‘2213 यूटीसीला अमुक गावाच्या पश्चिमेला तिन्ही खुणा जुळल्या’ हे उपयोगी वाक्य. ‘प्रचंड टोर्नेडो गावात शिरला’ हे तुम्ही पाहिलेलं नाही. जुने व्हिडिओ प्रत्येक आउटब्रेकमध्ये नव्याने फिरतात, आणि चुकीच्या गावाचं नाव वाचून लोक चुकीच्या दिशेने गाडी काढतात. कुठल्याही भागाला ‘आता धोका टळला’ असंही कधी सांगू नका.

अंधार पडला की प्रत्यक्ष नोंदी आटतात, दक्षिणेच्या झाडी-टेकड्यांच्या प्रदेशात तर फारच. 10 डिसेंबर 2021 च्या रात्री केंटकीतल्या मेफिल्डवरून गेलेल्या ईएफ4 टोर्नेडोचा माग 265 किलोमीटरहून लांब होता. अशा रात्री सीसी हाच मुख्य साक्षीदार. कॅमेऱ्यांत जमिनीलगत निळे-हिरवे झटके दिसले तर त्या तुटणाऱ्या वीजवाहिन्या. आकाशातली वीज बहुधा पांढरी-जांभळी आणि वर असते.

वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः त्या भागात असेल तर एक नियम: आपली जागा बहुभुजात आली की रडार ठेवून द्यायचं आणि सर्वात खालच्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत जायचं. मोबाइल होममध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या तयार घरात, किंवा पुलाखाली थांबायचं नाही. 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झच्या सात वाहिन्यांपैकी जवळची वाहिनी आणि आपल्या काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) सहा अंकी कोड हवामान रेडिओवर आधीच भरून ठेवायचा, कारण मोबाइलचं जाळं पडतं. पाठलागाला जाण्याचा विचार असेल तर एल रीनोची आठवण ठेवा. तिथे टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे कसलेले संशोधक त्याच टोर्नेडोत मृत्युमुखी पडले.

दुसऱ्या दिवशी अर्धा तास राखून ठेवा. पाहणी पथकांचे माग एक-दोन दिवसांत नकाशावर येऊ लागतात आणि रडारचा मूळ लेव्हल टू डेटा विनामूल्य मिळतो. आदल्या दिवशी लिहिलेल्या नोंदी समोर ठेवून तीच फेरी पुन्हा चालवा. मला जोडी कोणत्या मिनिटाला आवळलेली वाटली, टोर्नेडोने जमीन कोणत्या मिनिटाला धरली, वॉर्निंग कधी निघाली, हे तीन आकडे प्रत्येक ढगासाठी एका ओळीत लिहा. ज्या ढगावर तुम्ही डोळे लावून बसला होता आणि ज्याने काहीच केलं नाही, त्याचीही एक ओळ लिहा, आणि त्याच्या पुढ्यातला दवबिंदू त्या वेळी किती होता तो शेजारी नोंदवा.